पोर्ट्रेटसाठी आधी मिररलेस घ्यावा की लेन्स?

पांढरं_सोनं:
नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात राहतो, घरची शेती आहे, सवड मिळेल तसे फोटो काढतो. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या नाहीत. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे चेहरे नीट टिपून ठेवायचे आहेत, म्हणजे वेचणीच्या बाया, गुराखी, पारावरची मंडळी. सध्या कॅननचा २००डी (आरशाचा डीएसएलआर) आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. शेतात काढला की मागच्या पऱ्हाट्या माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारख्या दिसतात, घरात काढला की आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर जाऊन चेहऱ्यावर नुसते दाणे. दुकानदार म्हणतो, फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, बिनआरशाच्या मिररलेसशिवाय मजा नाही. बजेट लाखाच्या आत, तेही कापूस विकल्यावर. काय घेऊ?

अंबानगरीकर:
बॉडी राहू द्या बाजूला. तुमची किट लेन्स ५५ ला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). एफ/१.८ ची लावली की तेवढ्याच वेळात जवळपास दहापट उजेड आत येतो. म्हणजे ६४०० च्या जागी साधारण ६४० वर भागेल. नवी बॉडी घेऊन तीच किट लेन्स लावली तर हा फरक कुठून येणार? २००डीला ईएफ ५० एफ/१.८ एसटीएम बसते, कॅननच्या स्वस्त लेन्सपैकी आहे, जुनीही मिळते. उद्या आर मालिकेतला मिररलेस आला तर अडॅप्टर लावून हीच चालेल, ऑटोफोकससकट. फक्त व्ह्यूफाइंडर सोडा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून काढा. २००डीचा ड्युअल पिक्सेल फोकस तिथंच चालतो आणि चेहरा धरून ठेवतो. मधल्या ठिपक्यानं डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम सरकवली, तर एफ/१.८ ला डोळा सुटतो आणि कान शार्प येतो.

बर्डीवरचा_सोनीवाला:
गणित मान्य, पण मिररलेसला इतकं उडवून लावू नका. माझ्याकडे सोनीचा मिररलेस ए६४०० आणि सिग्मा ५६ एफ/१.४ लेन्स आहे. दीड मीटरवरून एफ/१.४ ला जेमतेम चार सेंटिमीटर खोलीचा भाग शार्प राहतो. मान जरा वळली की जवळचा डोळा शार्प आणि लांबचा मऊ. आणि आपला माणूस काही पुतळा होऊन बसत नाही. तंबाखू मळतो, हसतो, मध्येच वळून कुत्र्याला हाकलतो. एवढ्यातही कॅमेरा डोळा सोडत नाही, हे २००डीवर होणार नाही. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला असला किंवा जाड भिंगाचा चष्मा चमकत असला तर चुकतो, तेवढं पाहून घ्यायचं. फुल फ्रेमच्या नादी मात्र लागू नका. पैसे बॉडीतच संपतील आणि लेन्स पुन्हा किटचीच राहील.

वऱ्हाडी_ठेचा:
भाऊ, ५६ घेतलं तं माजघरात उभा कुठं राहशीन? हिशोब करून पाह्य. कॅननच्या क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ५० म्हणजे फुल फ्रेमवरच्या ८० सारखी. डोक्यापासून छातीपर्यंत घ्याचं तं दीड मीटर पुरते, पण उभा माणूस पायापर्यंत घ्याचा तं चार मीटरच्या वर मांगं सरकावं लागते. आपल्याकडच्या खोलीत दोन पावलं मांगं गेलं का भितीले पाठ लागते. घरातल्या फोटोले ३५ एफ/१.८ पाह्य. आन् मांगचं सारं धुरकट काहून करतं? आजीच्या मांगची चूल, भितीवरचे देव, थे बी दिसू दे ना. एफ/२.८ कर, एफ/४ कर. निस्ता चेहराच पायजे असन तं थो आधार कार्डावर हायेच.

मेळघाट_पायवाट:
ठेचाभाऊंना अनुमोदन. मी धारणीकडे फिरते, माझे बहुतेक फोटो ३५ वर आणि एफ/२.८ ला आहेत. बजेटमध्ये प्रिंटचे पैसेही धरा. एका आजीनं कॅमेरा पाहिल्याबरोबर विचारलं होतं, "काहून वो, हार घालाले पायजे का?" पुढच्या खेपेला तिच्या हातात प्रिंट दिला, तर सून, नातू, शेजारीण सगळेच ओट्यावर येऊन बसले, आमचाही काढा म्हणून. आधी विचारायचं, मग काढायचा, मग नेऊन द्यायचा. लेन्स कुठलीही असो.

पांढरं_सोनं:
हाहा, आमच्या आजीचाही हाच प्रश्न असतो. पण दुपारचं काय करू? वेचणी ऐन उन्हात चालते. सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उजेडात बाया एक तर वाटेत असतात, नाही तर चुलीपाशी. आणि कॅननचा मिररलेस आर५० कसा आहे?

अंबानगरीकर:
दुपारी फास्ट, म्हणजे जास्त उघडणारी लेन्सच नडते. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ला शटर साधारण १/१०० सेकंद लागतं. तोच हिशोब एफ/१.८ पर्यंत नेला तर १/८००० च्या आसपास जातो. २००डी काय, ए६४०० काय, मेकॅनिकल शटर १/४००० ला थांबतं. फोटो एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजळ येतो आणि बोंडातल्या कापसाचा नुसता पांढरा डाग होतो. एफ/२.८ ला या, नाही तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) लावा.

मी मात्र बाया निंबाखाली शिदोरी सोडायला बसतात तेव्हाच काढतो. सावलीच्या अगदी कडेला बसवायचं, तोंड उघड्या शेताकडे. आपली काळी जमीन उजेड फारसा परत देत नाही, पण समोर उन्हात वेचलेल्या कापसाचा ढीग किंवा पांढरं पोतं असलं की हनुवटीखालचा काळोख भरून निघतो, रिफ्लेक्टर विकत घ्यायची गरज नाही. निळ्या ताडपत्रीखाली अजिबात काढू नका. चेहरा निळा पडतो, आणि एका बाजूनं ऊन येत असलं तर व्हाइट बॅलन्सनं एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. हिरव्या शेडनेटचं तेच. सावळ्या चेहऱ्यामागे तापलेलं पांढरं आभाळ असलं की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळवंडतो. तिथं एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप वर घ्या. पण कापूस फ्रेममध्ये असेल तर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) पाहूनच, आणि रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये.

बर्डीवरचा_सोनीवाला:
आर५० हलका आहे, डोळ्याचा फोकसही छान. पण त्यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे. एफ/१.८ ला खूप वेगवान शटर वापरलं की मागचे उजेडाचे गोळे एका बाजूनं कापल्यासारखे दिसतात. सावलीत काढणार असाल तर फरक पडत नाही.

झाडीपट्टी_रातकिडा:
वडसा भागातून लिहितोय. रंगवलेले चेहरे हवे असतील तर दिवाळीनंतर नाटकांच्या मंडपात या. फक्त तिथं सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेवा. बरेच एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि इलेक्ट्रॉनिक शटरनं नटाच्या तोंडावर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटर, १/१०० सेकंद, अँटी-फ्लिकर (लुकलुक टाळणारी सेटिंग) चालू.

पांढरं_सोनं:
ठरलं. आत्ता जुनी ५०, कापूस विकला की मिररलेस आणि ३५. यवतमाळात एक जण ५० विकतोय. काय काय तपासू?

वऱ्हाडी_ठेचा:
तुह्यावाली बॉडी संगं ने. एसटीएम लेन्सची फोकस रिंग कॅमेऱ्याले लावल्याबिगर नुस्ती फिरते, काही समजत नाही. मोबाईलचा टॉर्च मांगून मार आन् समोरून पाह्य, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तं बुरशी हाय, घेऊच नको. चार फोटो एफ/१.८ ले काढ आन् लॅपटॉपवर मोठे करून डोळा पाह्य. अन् घरी आणल्यावर कपाटात कोंबू नको, सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.