शब्दचर्चा: लूपचे निकाल मॅट्रिक्समध्ये ‘साठवायचे’ की ‘भरायचे’?

पाठभेद
संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गासाठी ‘आर’ या संगणकभाषेतल्या सिम्युलेशनची (संगणकावर नमुने पुन्हा पुन्हा काढून बघण्याची) टिपणं मराठीत आणायची आहेत. एका वाक्यावर गाडी अडलीय: ‘प्रत्येक आवर्तनाचे फलित पूर्वआरक्षित सारणीत साठवावे.’ तपासणाऱ्यांनी ‘आवर्तन’, ‘पूर्वआरक्षित’ आणि ‘सारणी’ या तिन्हींखाली रेघ ओढून समासात नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. संदर्भ साधा आहे. लूपने, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवून, ३० निरीक्षणांचा नमुना १००० वेळा काढायचा, दर वेळी मध्य, मध्यक आणि प्रमाण विचलन काढायचं आणि ते १००० ओळी व ३ स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये ठेवायचं. मॅट्रिक्सला सारणी म्हटलं तर चालेल का?

उभाआडवा
नाही चालणार. ‘सारणी’ संख्याशास्त्रात आधीच कामाला लागलेली आहे. वारंवारता सारणी शाळेपासून सगळ्यांच्या परिचयाची. त्यातून ‘आर’मध्ये मॅट्रिक्स, डेटाफ्रेम (स्तंभागणिक वेगळ्या जातीची माहिती चालते असा तक्ता) आणि टेबल या तीन निरनिराळ्या वस्तू. सारणी वाचून विद्यार्थी हमखास डेटाफ्रेम बनवणार आणि लूपमध्ये तिची एकेक ओळ भरत बसणार. उत्तर बरोबर येईल, पण दर फेरीला डेटाफ्रेमचे स्तंभ वेगळे काढा, भरा, परत बसवा हा खटाटोप आत चालू राहतो, त्यामुळे तेच काम कितीतरी सावकाश होतं. उलट मॅट्रिक्सची अट एकच: आतलं सगळं एकाच जातीचं, म्हणजे सगळे आकडे किंवा सगळी अक्षरं. एखाद्या घरात ‘जमलं नाही’ असा मजकूर टाकलात की सगळे आकडे त्या क्षणी अक्षरं होतात, आणि पुढे स्तंभाची सरासरी मागितली की ती मिळत नाही. हा फरक ‘सारणी’ या शब्दात बुडून जातो.

मूळाक्षर
मग सरळ ‘आव्यूह’ म्हणा की. आ + वि + ऊह, म्हणजे नीट मांडून केलेली रचना. हिंदीत पाठ्यपुस्तकांतून रुळलेला शब्द आहे, संस्कृतातून दोघांनाही सारखाच आलेला. आपल्याला तेवढं वावडं का?

तिरकस
वावडं नाही, पण ‘व्यूह’ म्हटलं की मराठी माणसाला अभिमन्यू आठवतो, ओळी आणि स्तंभ नाहीत. शिवाय विद्यार्थ्याला पडद्यावर ‘मॅट्रिक्स’ हेच टाइप करायचंय. टिपणात आव्यूह, पडद्यावर मॅट्रिक्स, तोंडी परीक्षेत पुन्हा तिसरंच काही. फायदा कोणाचा?

मूळाक्षर
हा युक्तिवाद ताणला तर मराठीत क्रियापदं तेवढी उरतील.

गोळाबेरीज
उरू द्या, कारण या वाक्यात घोळ क्रियापदाचाच आहे. ‘साठवावे’ कोणाला खटकलंच नाही! साठवणं म्हणजे थोडं थोडं आणून ढिगात टाकणं. विद्यार्थी तेच करतो: रिकामी वस्तू घेतो आणि दर फेरीला ‘आरबाइंड’ या आज्ञेने खाली एक ओळ चिकटवतो. आता हिशोब बघा. ‘आरबाइंड’ जुन्या मॅट्रिक्सला ओळ जोडत नाही, तो दर वेळी नवीन मॅट्रिक्स करून जुन्या सगळ्या ओळी त्यात उतरवतो. १०,००० फेऱ्या असतील तर एकूण १०,००० × १०,००१ ÷ २, म्हणजे सुमारे ५ कोटी ओळी लिहिल्या जातात. ५ स्तंभ, दर आकड्याला ८ बाइट धरले तर जवळपास २०० कोटी बाइटची हमाली, आणि शेवटी हातात पडणारं मॅट्रिक्स जेमतेम ४ लाख बाइटचं. दहा हजाराला यंत्र कुरकुर न करता हे उरकेलही. फेऱ्या दहापट केल्या की काम शंभरपट होतं, तेव्हा कळतं.

खरी कृती दोन क्रियापदांची आहे: आधी आखायचं, मग भरायचं. ‘पूर्वआरक्षित’ या तिकीट खिडकीवरच्या शब्दाची गरजच राहत नाही. ‘१००० ओळी, ३ स्तंभांचं मॅट्रिक्स आखून घ्या, प्रत्येक फेरीचा निकाल त्याच क्रमांकाच्या ओळीत भरा.’

मूळाक्षर
‘आखणे’ सुंदर आहे, मान्य. पण ‘साठवणे’वर ठपका ठेवू नका. साठवण क्षमता, माहितीची साठवण हे सगळं रूढ आहे. विद्यार्थी ओळी चिकटवतो तो शब्दामुळे नाही, तसं शिकवल्यामुळे.

तिरकस
आणि भाषेनेही थोडी सवय लावलीय. ‘आर’च्या ३.४.० पासून साध्या व्हेक्टरच्या (आकड्यांच्या एकाच रांगेच्या) शेवटापलीकडच्या घरात मूल्य टाकलं तर ती आतून थोडी जास्तीची जागा घेऊन ठेवते, त्यामुळे व्हेक्टर वाढवत नेणं पूर्वीइतकं महाग पडत नाही. म्हणून लोकांना वाटतं मॅट्रिक्सलाही हेच लागू असेल. नाही. मॅट्रिक्सच्या शेवटच्या ओळीपलीकडे भरायला गेलात तर ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स’, म्हणजे ‘क्रमांक हद्दीबाहेर’, अशी चूक येते.

उभाआडवा
‘आखणे’मध्ये आणखी एक प्रश्न येतो: आखलेल्या घरांत सुरुवातीला काय? बरेच जण शून्यं भरतात. तसं करू नये. ४१७वी फेरी कुठल्या कारणाने फसली आणि लूप पुढे गेला तर त्या ओळीत शून्य राहतं, ते खरं उत्तर म्हणून सरासरीत मिसळतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. ‘एनए’, म्हणजे ‘मूल्य उपलब्ध नाही’ ही खूण, भरा. मग शेवटी किती घरं ‘एनए’ राहिली ते मोजता येतं, आणि अहवालात तो आकडा द्यायलाच हवा. बारकावा असा की नुसता ‘एनए’ तार्किक (खरं-खोटं) जातीचा असतो, त्यामुळे पहिला दशांश आकडा आत पडताच सगळं मॅट्रिक्स एकदा जात बदलतं. ‘एनए_रियल_’ हा आकड्यांच्या जातीचा एनए घेतला की तेवढंही नको.

शून्यापासून
पायथनवाल्यांची भर. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या संचात ‘एम्प्टी’ने आखलेलं मॅट्रिक्स रिकामं नसतं. त्या जागेत आधीचं जे काही उरलेलं असेल तेच आकडे म्हणून दिसतं. त्याला मराठीत ‘रिकामं’ म्हणणं म्हणजे फसवणूक. ‘न पुसलेलं’ म्हणा. सुरक्षित मार्ग ‘फुल’ने ‘नॅन’ (‘आकडा नाही’ ही खूण) भरून घेण्याचा. आणि क्रमांक शून्यापासून, त्यामुळे ‘पहिली ओळ’ लिहिताना जपून.

रांगोळी
सगळे ‘ओळ’ आणि ‘स्तंभ’ गृहीत धरून चाललात. ‘रकाना’ का नको? अस्सल आहे.

गोळाबेरीज
कारण रकाना दोन्हीकडे झुकतो. वहीतला उभा रकाना म्हणजे स्तंभ, आणि अर्जातला ‘रकाना भरा’ म्हणजे एक चौकट. मॅट्रिक्समध्ये नेमकी हीच गल्लत महागात पडते. ओळ–स्तंभ बरे, आणि एका चौकटीला ‘घर’, बुद्धिबळाच्या पटावर असतं तसं.

उभाआडवा
महागात कशी ते दाखवतो. मॅट्रिक्सचं नाव ‘निकाल’ धरा. निकाल[क्र, ] म्हणजे ‘क्र’ क्रमांकाची अख्खी ओळ. तो स्वल्पविराम राहिला आणि निकाल[क्र] झालं तर ते एक घर, तेही स्तंभाच्या दिशेने मोजलेलं, कारण ‘आर’ मॅट्रिक्सला आतून एकाखाली एक स्तंभ असंच ठेवतो. तीन आकडे एका घरात मावत नाहीत, म्हणून पहिला ठेवून बाकीचे टाकून दिले जातात. चूक नाही, फक्त इशारा. १००० फेऱ्यांनंतर पहिल्या स्तंभात १००० मध्य शिस्तीत उभे आणि बाकी दोन स्तंभ ‘एनए’. पडद्यावर शेवटी ‘५० किंवा अधिक इशारे’ एवढंच येतं आणि ते कोण वाचतो!

दुसरी याहून वाईट. मॅट्रिक्सला ४ स्तंभ आणि फलन २च आकडे देतंय. स्वल्पविराम बरोबर असला तरी ‘आर’ तेच दोन आकडे पुन्हा वापरून चारही घरं भरतो, आणि इशारासुद्धा देत नाही. ३ आकडे दिले तर मात्र चूक दाखवून थांबतो. म्हणून भरण्याआधी लांबी तपासणारी एक ओळ लिहावी.

मूळाक्षर
मूळ वाक्यातलं ‘आवर्तन’ राहिलं की. तालाचं आवर्तन समेवर परत येतं, लूप दर वेळी सुरुवातीच्या ओळीवर येतो. चपखल आहे.

तिरकस
समेवर येतं ते तेच. आवर्ती दशांशातही तेच अंक फिरून येतात. इथे दर वेळी नमुना वेगळा यायला हवा. आवर्तन खरोखर घडवायचं असेल तर ‘सेट.सीड’ ही यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी ओळ लूपच्या आत लिहा: हजारही ओळी तंतोतंत सारख्या येतील आणि प्रमाण त्रुटी शून्य! ती ओळ लूपच्या बाहेर, वर, एकदाच लिहायची असते. मी ‘फेरी’ म्हणेन. न थांबणाऱ्या लूपला ‘फेरा’, चौऱ्याऐंशी लक्षांचा.

मूळाक्षर
विनोद ठीक, पण गायक प्रत्येक आवर्तनात वेगळी तान घेतो हे विसरलात.

रांगोळी
‘फेरी’त फेरीचा क्रमांक आणि फेरीचं मूल्य वेगळं सांगता येतं, हाही फायदा. नमुन्याचे आकार १०, ३०, १०० घेतले आणि लूप थेट त्यांच्यावरच फिरवला तर दहावी, तिसावी, शंभरावी ओळ भरली जाते. मॅट्रिक्स ३ ओळींचं असेल तर पहिल्याच फेरीत अडतं, ते बरं. व्हेक्टर असेल तर निमूटपणे १०० घरांचा होतो, मध्ये सगळी ‘एनए’. ‘सेक_अलाँग’ने १, २, ३ असे फेरीक्रमांक घ्यावेत आणि आकार त्यावरून काढावा.

गोळाबेरीज
तिथे दोन लूप होतात, १००० फेऱ्या आणि ३ आकार. मॅट्रिक्स पुरत नाही, १००० × ३ × ३ अशी त्रिमिती अॅरे आखावी लागते. तिच्या तिसऱ्या दिशेला काय म्हणणार? ओळ, स्तंभ आणि…?

रांगोळी
थर.

मूळाक्षर
पटल.

पाठभेद
थर घेतो. ‘आखून घ्या, भरा’ हेही घेतो. ‘मॅट्रिक्स’ तसंच ठेवतोय, मूळाक्षर रागावणार. पण पुढच्याच परिच्छेदात लूपऐवजी ‘एसॲप्लाय’ आहे, तेच फलन दर फेरीला आपोआप चालवणारी आज्ञा. त्याला काय आखणार आणि काय भरणार?

शून्यापासून
काहीच नाही, तो स्वतःच आखतो. मात्र निकाल आडवे न ठेवता उभे ठेवतो: १००० × ३ ऐवजी ३ × १००० हातात येतं, ‘टी’ने ओळींचे स्तंभ करून पालटून घ्यावं लागतं. एखाद्या फेरीत आकड्यांची संख्या कमी-जास्त झाली तर मॅट्रिक्सऐवजी यादी देतो, न सांगता. ‘व्हीॲप्लाय’ घ्या. त्यात दर फेरीला किती आणि कुठल्या जातीचे आकडे येणार हे आधी लिहून द्यावं लागतं, बसलं नाही तर तो तिथेच थांबतो.

मूळाक्षर
‘पालटणे’ की ‘परिवर्त’?

तिरकस
नवा धागा काढा.