मानगुटीवर बसलेली जाहिरात : ‘ब्रँडेड’ हा चित्रपट आणि आपला कापूस

धागाकर्ता (अमळनेर)

‘ब्रँडेड’ हा २०१२ सालचा चित्रपट परवा पाहिला. तो धड जमलेला नाही, हे आधीच मान्य करतो. मॉस्कोत जाहिरातीचा धंदा करणारा मिशा हा त्याचा नायक. खप घसरलेल्या बर्गर कंपन्यांना एक जाहिरातगुरू सल्ला देतो की लठ्ठपणाच सुंदर ठरवून टाका, आणि लोकांना तसे वाटू लागते. इथपर्यंतचा उपहास नेमका आहे. पुढे मिशा शहर सोडून गुरे राखतो, तांबड्या गाईचा बळी देऊन तिच्या राखेने अंघोळ करतो आणि मग त्याला माणसांच्या अंगाला चिकटलेले, हावेने फुगत जाणारे जीव दिसू लागतात. गाईचा प्रसंग मला बघवला नाही आणि कथेलाही तो पेलत नाही. पण ते जीव दिसले तेव्हा मी उठून बसलो, कारण ‘मानगुटीवर बसणे’ हा आपला शब्दप्रयोग तिथे डोळ्यांनी दिसत होता.

आमच्या घराची रस्त्याकडची भिंत एका बियाणे कंपनीने रंगवून दिली होती. माणसाच्या डोक्याएवढे फुटलेले बोंड आणि खाली वाणाचे नाव. बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर आमच्या घरी जे पाकीट येई, त्यात ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी असे. ती शेताच्या कडेने लावायची असे, म्हणजे साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांमुळे बीटी पचवणाऱ्या अळ्यांची पैदास लांबते. वडिलांनी ती पुडी हातात धरून विचारले, “हाई काय कामनं शे?” दुकानदाराला सांगता आले नाही. भिंतीवर बोंड होते, पुडी नव्हती. ती पुडी बांधावर फेकली गेली, आमची आणि शेजाऱ्यांचीही. जाहिरात जे दाखवते त्यापेक्षा जे झाकते त्यात तिची खरी ताकद असते, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (शिरपूर)

भाऊ, तुमच्या वडिलांचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बीटी पचवू लागलेल्या गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात कापूस पोखरला, त्याला फेकलेली पुडी कारण आहेच. पण पाणी आहे म्हणून मे महिन्यातच लावलेला कापूस आणि मुख्य वेचणीनंतर पुन्हा बोंडे यावीत म्हणून मार्चपर्यंत शेतात उभी ठेवलेली फरदडही तितकीच कारणीभूत आहे, कारण त्यामुळे अळीला वर्षभर खायला मिळाले. फरदड ठेवा असे कोणत्या भिंतीवर लिहिले होते? आपण ती चार पैसे जास्त मिळतील म्हणून, हिशेब करून ठेवली.

चित्रपटावरचा माझा आक्षेपही हाच आहे. त्यात सामान्य माणसाला स्वतःची अक्कलच नाही. गुरूने मनात आणले की सगळे शहर लठ्ठ होते! मी पाच एकर कापूस लावतो. वाण निवडताना शेजारच्या शेतात जाऊन बोंडे मोजतो, उधारी कोण देतो ते पाहतो, आणि भिंत सर्वांत शेवटी वाचतो. माझ्या मानगुटीवर बसले असेल तर ते कर्ज आहे.

धागाकर्ता

फरदडीचा मुद्दा मी मान्य करतो; तो मूळ लेखनात यायला हवा होता. मात्र दादा, उधारी देणारा दुकानदार कोणते पाकीट पुढे सरकवतो? ज्या वाणाची गावात हवा झाली आहे तेच. शेजाऱ्यानेही बहुधा तीच भिंत वाचलेली असते.

प्रतिसाद २ (नंदुरबार)

चित्रपटाच्या शेवटी जाहिरातींवर बंदी येते आणि तो भाग पुष्कळांना बालिश वाटतो. प्रत्यक्षात ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने २००७ पासून रस्त्यावरचे जाहिरात फलक हटवले, आणि त्यामुळे शहर बुडाले नाही. आपल्याकडे बंदीची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे आणि बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलेले आहे. ज्या भिंतीवर बोंड रंगवले, तिथेच तेवढ्याच मोठ्या अक्षरांत नॉन-बीटी बियाणे कशासाठी असते तेही रंगवण्याची सक्ती करा.

प्रतिसाद १ (शिरपूर)

या सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तरीही मिशा काय करतो ते विसरू नका. बर्गरच्या हावेवर पोसलेला तो जीव मारण्यासाठी तो लोकांच्या मनात गोमांसाची भीती भरणारी दुसरी जाहिरातच सोडतो, म्हणजे शहाणे कोणीच होत नाही. भिंत रंगवाच, पण पेरणीआधी गावात येऊन शेतकऱ्यापुढे बियाण्याचे पाकीट फोडून समजावणारा कृषी खात्याचा माणूसही मला हवा आहे. आमच्या गावात तो मागील दोन्ही हंगामांत फिरकलेला नाही.