डिशवॉशरमधून भांडी ओलीच निघतात – तुमचे अनुभव सांगा

आमचा डिशवॉशर तीन वर्षांचा आहे. धुण्याबद्दल काही तक्रार नाही, भांडी लख्ख निघतात. पण गेले दोन महिने सकाळी दार उघडलं की सगळं ओलं. ग्लासांच्या कडांना थेंब, उपड्या कपांच्या बुडाशी जो खळगा असतो त्यात चमचाभर पाणी, आणि वरचा रॅक जरा ओढला की ते सगळं पाणी खालच्या ताटांवर. मग फडकं घेऊन पुसत बसायचं. ज्या कामातून सुटका व्हावी म्हणून मशीन घेतलं, त्यातलं निम्मं काम परत अंगावर आलंय.

पहिली अडीच-पावणेतीन वर्षं भांडी नीट वाळायची, म्हणजे मध्ये काहीतरी बदललंय. फिल्टर काढून धुतला, पाणी फवारणाऱ्या पात्यांची भोकं टाचणीने मोकळी केली, भांडी कमी लावून पाहिली. फरक नाही. रिन्स एड (शेवटच्या विसळण्यात सुटणारं, भांडी वाळायला मदत करणारं द्रव) संपल्याचा दिवाही लागलेला नाही.

तुमच्याकडे असं झालं असेल तर सविस्तर लिहा. कशाने फरक पडला ते तर हवंच, पण काय काय करूनही फरक पडला नाही तेही लिहा.

*

सगळीच भांडी ओली राहतात की फक्त प्लास्टिकची? कारण आमच्याकडे डबे आणि झाकणंच ओली असायची आणि मी वर्षभर मशीनला दोष देत होते.

बऱ्याच मशीनमध्ये वाळवायला वेगळा पंखा किंवा गरम हवा नसतेच. शेवटचं विसळणं खूप गरम पाण्याने होतं, साधारण ६० ते ७० अंश. त्यात भांडी तापतात, त्या उष्णतेने अंगावरच्या पाण्याची वाफ होते, ती मशीनच्या स्टीलच्या भिंतींवर जमते आणि ओघळून खाली जाते. म्हणजे भांडी स्वतःच्या उबेवर वाळतात. जाड काच आणि चिनीमाती ऊब धरून ठेवतात. प्लास्टिक हलकं, ते लगेच निवतं. शिवाय त्यावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं. हा बिघाड नाही आणि त्याला दुरुस्तीही नाही. मी डबे वरच्या रॅकमध्ये तिरके लावते, बाहेर काढताना एकदा झटकते आणि ओट्यावर उपडे ठेवते.

*

माझं उत्तर एका शब्दात: रिन्स एड. साबणाची 'ऑल इन वन' गोळी वापरतो म्हणून आम्ही ते भरणंच बंद केलं होतं. गोळीतही थोडं असतं, पण गोळी विरघळते मुख्य धुण्यात आणि ते पाणी मशीन बाहेर टाकतं. शेवटच्या विसळण्यापर्यंत त्यातलं कितीसं उरणार? वेगळ्या कप्प्यातलं रिन्स एड बरोबर त्या शेवटच्या पाण्यात सुटतं. त्याने थेंब फुटून पाण्याचा पातळ थर होतो आणि तो घरंगळून जातो. वाळवायला मुळात पाणीच कमी उरतं.

मशीनच्या सेटिंगमध्ये त्याचं प्रमाण एकेका अंकाने वाढवा. मी एकदम सर्वांत वरच्या अंकावर नेलं तेव्हा ग्लासांवर निळसर ओघळ दिसायला लागले. भरताना बाहेर सांडलं तर पुसून घ्या, नाहीतर आत फेस होतो.

*

सासूबाईंकडे आणि आमच्याकडे एकच मॉडेल. आमची भांडी कोरडी, त्यांची ओली. आई रोज फोनवर सांगायच्या, "अगं, तुझं मशीन चांगलं निघालं, माझंच खराब आलंय." शेवटी एक दिवस तिथे थांबले आणि पाहिलं. त्या रोज अर्ध्या तासाचा झटपट प्रोग्राम लावत होत्या, "एवढीशी तर भांडी आहेत" म्हणून. त्या प्रोग्राममध्ये वाळवण्याचा टप्पाच नव्हता. आता रात्री लांबलचक प्रोग्राम लावतात, सोबत 'एक्स्ट्रा ड्राय'चं बटण. इको प्रोग्राममध्येही पाणी कमी तापवतात, त्यामुळे ते बटण तिथेही उपयोगी पडतं.

*

धागाकर्तीने फडकं खाली ठेवून आधी एक गोष्ट करावी असं मला मनापासून वाटतं. प्रोग्राम संपल्या संपल्या, सकाळी नव्हे, दार उघडून काचेच्या ग्लासाला हात लावून बघा. जपून, कारण वाफ तोंडावर येते. ग्लास गरम आणि ओला आहे की गार आणि ओला? पुढचं सगळं यावर ठरतं. गरम असेल तर हीटर ठीक आहे; मग ओलेपणाचं कारण रिन्स एड, भांडी लावण्याची पद्धत किंवा अडकलेली वाफ यांत शोधा. गार असेल तर मशीन पाणी तापवतच नाहीये आणि रिन्स एडच्या कितीही बाटल्या ओतल्या तरी काही होणार नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय, कारण आम्ही चार महिने चुकीच्या दिशेला गेलो. रिन्स एड बदललं, गोळ्या बदलल्या, पाण्याचा जडपणा घालवणारं डिशवॉशरचं मीठ भरलं. दरम्यान दुसऱ्या खुणा समोर होत्या आणि आम्ही त्या जोडल्याच नाहीत: ताटांना तेलकट हात लागायचा, गोळीचा लगदा कप्प्यात तसाच राहायचा. एके रात्री मध्येच दार उघडावं लागलं तर आतून वाफेचा लवलेश नाही. स्टीलची वाटी हातात घेतली, नळाखालून काढल्यासारखी गार.

मेकॅनिकने मशीनचा प्लग काढून, खालची पट्टी उघडून मीटर लावला. हीटर शाबूत होता. त्याला वीज पोचवणारा कंट्रोल बोर्डवरचा रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) जळला होता, सोल्डरच्या जागी तपकिरी डाग स्पष्ट दिसत होता. आधीच्या माणसाने न तपासता "हीटर गेला, बदलावा लागेल" म्हणून सांगितलं होतं. तेव्हा पार्ट बदलण्याआधी मीटर लावून दाखवायला सांगा. आणि हे घरी उघडून करू नका, आत पाणी आणि वीज शेजारी शेजारी असतात.

*

वरच्या गरम-गार परीक्षेला दुजोरा. आमची भांडी गरम आणि ओली होती. मशीन रात्री अकराला संपायचं, दार सकाळी सातला उघडायचं. आठ तास ती वाफ आत कोंडून गार होत परत भांड्यांवर बसायची. आता संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून दार वीतभर उघडं ठेवतो. बाकी काही बदललं नाही, भांडी कोरडी. काही नवीन मशीनमध्ये दार शेवटी आपोआप किलकिलं होतं, ते याचसाठी.

एकच काळजी घ्या. वाफ सरळ वर ओट्याच्या खालच्या कडेला लागते. तिथे लाकडी भुशाचा बोर्ड असेल तर तो फुगतो. आमची कड बोटाला खरखरीत लागायला लागली, तेव्हा खाली वाफ अडवणारी चिकटपट्टी लावून घेतली.

*

आमच्या मशीनमध्ये झिओलाइट आहे. हे खनिज आतली दमट हवा शोषून घेतं आणि शोषताना तापतं, तीच गरम कोरडी हवा परत भांड्यांवर येते. ती हवा आत येण्याची जाळी तळाशी कोपऱ्यात असते आणि मी नेमकी तिथेच मोठी परात उभी करत होते. जागा बदलली, प्रश्न संपला.

*

एक कळकळीची विनंती. रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर भरायचा सल्ला सगळीकडे फिरतो. मी वर्षभर भरलं. आम्लात सतत राहून कप्प्याचं रबर कडक झालं, भेगाळलं आणि गळायला लागलं, कप्पा बदलावा लागला. भांड्यांवर पांढरे डाग असतील तर तो क्षारांचा प्रश्न आहे, त्याला मीठ आणि पाण्याच्या जडपणाप्रमाणे केलेलं सेटिंग. ओलेपणा वेगळा. मीठ भरून भांडी वाळत नाहीत.

*

धागाकर्ती परत आलेय. सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच.

काल रात्री प्रोग्राम संपेपर्यंत जागी राहिले. ग्लास चांगला गरम होता, हातात धरवेना. म्हणजे हीटर ठीक आहे. मग रिन्स एडचं झाकण उघडलं तर कप्पा काठोकाठ भरलेला, जसा दोन महिन्यांपूर्वी मीच भरला होता तसाच! सुटतच नव्हतं. माहितीपुस्तिका काढून सेटिंगमध्ये गेले, तिथे प्रमाण शून्यावर. दोन महिन्यांपूर्वी दाराची कडी दुरुस्त करायला मेकॅनिक आला होता, तेव्हा त्याने सेटिंग बदलली असणार, कारण आम्ही कुणी त्या मेनूत कधी गेलोच नव्हतो. आणि प्रमाण शून्य असलं की या मॉडेलमध्ये रिन्स एडचा दिवाही बंद राहतो. दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी धरून चालले होते.

चारवर आणलं. आज सकाळी ग्लास कोरडे, ताटं कोरडी, फक्त वर सांगितल्याप्रमाणे प्लास्टिकचे डबे ओले. कपांच्या खळग्यात अजून थोडं पाणी साचतं, म्हणून रॅकच्या दांड्यावर ते तिरके टेकवलेत आणि आता खालचा रॅक आधी रिकामा करते.