वडील माजी सैनिक होते, आईची फॅमिली पेन्शन सुरू होत नाहीये – मदत हवी आहे

खटावकर: वडील फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले होते. मागच्या दिवाळीनंतर वारले. आईच्या फॅमिली पेन्शनचा अर्ज लगेच केला, सगळे कागद दिले, अजून एक रुपया नाही. बँक म्हणते आमच्या हातात काही नाही. ऑनलाइन बघावं तर काम चालू आहे एवढंच दिसतं. उलट वडील गेल्यानंतर जमा झालेली पेन्शन बँकेने खात्यातून परत काढून घेतली. आईच्या औषधांचा खर्च चालूच आहे. कुणाला भेटायचं तेवढं सांगा.

माणगंगा: रेजिमेंट कुठली? रिटायर कधी? पेन्शन बँकेकडून यायची की स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर) गेली होती? पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशपत्रात, आईचं नाव आहे का?

खटावकर: पायदळ, १९८४. स्पर्शवर गेली होती, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचो. पीपीओ जुना आहे, त्यात फक्त वडिलांचं नाव.

सुभेदार_निवृत्त: गोम तिथेच आहे. त्या काळच्या बऱ्याच पीपीओत बायकोचं नाव नसायचं, ते नंतर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत चढवून घ्यावं लागायचं. डिस्चार्ज बुकात (फौज सोडताना मिळालेल्या पुस्तकात) कुटुंबाच्या पानावर आईचं नाव आणि जन्मतारीख काय आहे? आणि आधारवर?

खटावकर: डिस्चार्ज बुकात माहेरचं नाव, आधार आणि पासबुकावर सासरचं. आमच्याकडे लग्नात नाव बदलतातच, त्यात काय अडचण?

सह्यकडा: सरळ मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात जा. माझ्या काकांची डिसॅबिलिटी पेन्शन तिथेच सुटली. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल वाचा.

सुभेदार_निवृत्त: साहेब, तो निकाल अपंगत्वाच्या पेन्शनचा आहे. इथे कुणी नकार दिलेला नाही, नाव जुळेना म्हणून अर्ज थांबलेला दिसतोय. न्यायाधिकरणही आधी विचारणार, रेकॉर्ड ऑफिसला लिहिलंत का?

सह्यकडा: लिहीत बसलं की वर्षं जातात. वकिलाची नोटीस गेली की फाईल हलते, हा आमचा अनुभव आहे.

सुभेदार_निवृत्त: आणि वकिलाची फी त्या माउलीने कुठून द्यायची?

नीरा_काठ: घरपट्टीही माफ करून घ्या. महाराष्ट्रात माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची सवलत आहे. ग्रामपंचायतीत अर्ज द्या.

माणगंगा: फॅमिली पेन्शन पहिली सात वर्षं वाढीव दराने, पगाराच्या ५० टक्के मिळेल ना?

सुभेदार_निवृत्त: नाही. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दर सात वर्षं किंवा सैनिकाचं वय ६७ होईपर्यंत, जे आधी येईल ते. १९८४ ला पेन्शनवर आलेल्या माणसाचं ते वय केव्हाच उलटलं. साधा दर ३० टक्के, किमान ९,००० रुपये आणि वर महागाई भत्ता.

खटावकर, नीट ऐका. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करा. सोबत लग्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुकाची प्रत, आधार जोडा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारशीसह रेकॉर्ड ऑफिसला पाठवा आणि पोच घ्या. नाव दुरुस्त होऊन प्रकरण प्रयागराजच्या पीसीडीएकडे (फौजेची पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे) गेलं की आईच्या नावाचा पीपीओ निघेल. पेन्शन वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, त्यामुळे मागची थकबाकी बुडत नाही. वडिलांचं हयातीतलं काही येणं राहिलं असेल, तर त्याचा अर्ज वेगळा करा.

नीरा_काठ: त्यात ओआरओपीचा (एक हुद्दा, एक पेन्शन) फरकही बघा. १ जुलै २०२४ पासून दर पुन्हा बदललेत.

खटावकर: लग्नाचा दाखलाच नाही, तेव्हा कुणी नोंदणी करत नव्हतं. शिवाय आईला गुडघ्यांमुळे साताऱ्यापर्यंत नेता येत नाही.

सुभेदार_निवृत्त: सरपंचांचा दाखला आणि जुनं रेशनकार्ड जोडून पाठवा, रेकॉर्ड ऑफिसला आणखी काही हवं असेल तर ते लेखी कळवतील. सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला येतात. त्यांना आधी फोन करून आईची अडचण सांगा. रेजिमेंटचं नाव आणि वडिलांचा आर्मी नंबर इथे टाकू नका, मला व्यनि (खासगी निरोप) करा. रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता देतो.