नीतिसूत्रे 13:20 : "सुज्ञ" सोबती ओळखायचा कसा?

प्रश्न (तरुणसंघ): पुढच्या रविवारी तरुण संघात या वचनावर अभ्यास आहे. मुलं 16 ते 22 वयाची, वेळ 45 मिनिटं. सुज्ञांच्या सोबतीने माणूस सुज्ञ होतो आणि मूर्खांच्या सोबत्याचं नुकसान होतं, हे बायबलमधलं वचन बहुतेकांना पाठ आहे, अडचण त्याच्या पुढची आहे. सुज्ञ कोण हे ठरवायचं कशावरून? आणि कॉलेजातले जे मित्र चर्चला येत नाहीत ते सगळे मूर्खांत जमा का, हा प्रश्न हमखास येणार. कोणते उतारे घ्यावेत?

पानोपानी: आधी 1:7 वाचून घ्या. मूर्ख म्हणजे कमी मार्कांचा नव्हे. ज्याला शिकवण नकोशी वाटते तो. म्हणून कसोटी 9:7-9 मध्ये आहे: चूक दाखवल्यावर माणूस काय करतो? मुलांना हे करता येण्यासारखं आहे. मित्राची एकच चूक, एकांतात, नेमक्या शब्दांत सांगायची. तो त्या क्षणी चिडला तर लगेच निकाल लावू नका, चिडतो कोणीही. चार-आठ दिवसांनी बघा. वागण्यात फरक पडला की तुमचीच उणीदुणी चारचौघांत निघाली? चूक सगळ्यांसमोर काढली तर मात्र कसोटीच बाद, कारण मग चिडण्याचं कारण अपमान असतं.

जोडीला 22:24-25 घ्या. रागीट माणसापासून लांब राहा, एवढं सांगून ते थांबत नाही, कारणही देतं: त्याच्या चाली तूही शिकशील. 20:19 चहाडखोराबद्दल आहे, ते व्हॉट्सॲप ग्रुपला जसंच्या तसं लागू पडतं.

शखेमची_वाट: गोष्ट हवी असेल तर 1 राजे 12. शलमोन राजाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा त्याने वडीलधाऱ्यांना विचारलं होतं, हे आपण विसरतो. लोकांनी जू हलकं करायला सांगितलं, त्याने 3 दिवस मागितले, शलमोनाच्या पदरी असलेल्यांचा सल्ला घेतला. 8 वं वचन नीट बघा: तो सल्ला त्याने आधी टाकला आणि मग बरोबर वाढलेल्यांकडे गेला. त्यांच्याशी बोलताना "आपण काय उत्तर द्यावं" असं विचारतो, म्हणजे कोणाचा आहे हे ठरलेलंच होतं. परिणाम: राज्य फुटलं, वेठीवरचा अधिकारी अदोराम दगडमारात मेला, राजा रथात बसून यरुशलेमेला पळाला.

सुज्ञांना अडीअडचणीला विचारणं वेगळं आणि त्यांच्यात रोजचं उठणं-बसणं वेगळं. 13:20 दुसऱ्याबद्दल बोलतं. आणि "तरुण म्हणून चुकला" असं रहबामाबद्दल कोणी म्हटलं तर 1 राजे 14:21 दाखवा, गादीवर आला तेव्हा तो 41 वर्षांचा होता.

जामीन_नको: 20-22 वाल्यांसाठी नीतिसूत्रे 6:1-5 आणि 22:26-27 सोडू नका. मैत्रीखातर पतसंस्थेत जामीन म्हणून सही करणारे याच वयात तयार होतात. कर्जदाराने हप्ते थकवले की वसुली जामीनदाराकडूनही होते, त्याचा सिबिल स्कोअरही घसरू शकतो. सही झालीच असेल तर 6:3-5 चा सल्ला स्पष्ट आहे: संकोच सोडून लगेच जा, गळ घाल, सुटून ये. व्यवहारात याचा अर्थ, दुसरा जामीनदार देऊन आपलं नाव संस्थेकडून लेखी काढून घ्यायचं. नुसत्या तोंडी शब्दावर राहू नये.

तरुणसंघ: सगळ्यांचे आभार. चर्चबाहेरच्या मित्रांचं काय सांगू?

पानोपानी: 1 करिंथ 5:9-11. पौल स्वतः खुलासा करतो की जगातल्या लोकांशी संबंध तोडायचे तर जगाबाहेरच जावं लागेल. त्याचा इशारा स्वतःला बंधू, म्हणजे विश्वासी, म्हणवून अनीतीने वागणाऱ्यांबद्दल आहे. मार्क 2:15-17 मध्ये प्रभू येशू जकातदारांच्या पंगतीला बसतो, पण त्यांच्या चालीने चालत नाही. मुलांना एवढंच विचारा: या मित्रासोबत असताना कोण कोणाकडे ओढला जातोय?

वेळेचं म्हणाल तर रहबामाला 15 मिनिटं, कसोटीला 15, उरलेली प्रश्नांना. जामीनकीचा विषय मोठ्या मुलांसाठी वेगळा घ्या, नाहीतर सगळा वेळ कर्जावरच जाईल.