मदत हवी आहे: मामांचा रोलँड एक्सपी-८० 'क्लासिक' म्हणावा का? विकावा का?

सनईचा_सूर (चोपडा, जि. जळगाव)

राम राम मंडळी,

थेट प्रश्नच विचारतो. १९९६ साली आलेला रोलँड एक्सपी-८० हा सिंथेसायझर 'क्लासिक' म्हणवून घेण्याच्या लायकीचा आहे, की नुसता जुना झालाय? घरात यावरून वाद चालू आहे आणि मला जाणकारांचं मत हवंय.

कीबोर्ड मामांचा. ते बरीच वर्षं ऑर्केस्ट्रा पार्टीत होते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या पट्ट्यातली लग्नं, हळदी, गणपती, कानबाईचं जागरण, सगळं त्यांनी यावर वाजवलं. आता बोटं साथ देत नाहीत. मामेभावाने स्वतःची पार्टी काढलीय. त्याचं म्हणणं असं की हा देऊन टाकू आणि वर पैसे घालून नवा घेऊ. एक गिऱ्हाईक बघूनही गेलं. त्याने सांगितलेला भाव भंगारापेक्षा फार वर नव्हता. जाताना म्हणाला, "अ‍ॅनालॉग असता तर क्लासिक म्हणून पैसे आले असते. हा डिजिटल. याच्यात काय आहे?"

काय आहे ते मला माहीत आहे, म्हणून हे ऐकून वाईट वाटलं. ७६ पट्ट्या, एका वेळी ६४ आवाज, १६ ट्रॅकचा सिक्वेन्सर (वाजवलेलं साठवून परत वाजवणारी सोय), आत जास्तीच्या आवाजांचे बोर्ड बसवायला ४ जागा. पण मामांनी त्यातून जे काढलं ते कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. या यंत्रात एका पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या एका आवाजात, ४ टोन (थर) असतात आणि प्रत्येकाला वेगळी लहर (मूळ ध्वनी), वेगळा फिल्टर देता येतो. मामांनी सनईचा पॅच असा बांधला: दोन टोन सनईचे, एकमेकांपासून किंचित सुटे, म्हणजे दोन सनया एकदम वाजताना जी थरथर असते ती येते. तिसऱ्या टोनचा पिच की-फॉलो शून्यावर. त्यामुळे पट्टी कोणतीही दाबा, तो एकाच स्वरावर उभा. सनईवाल्याच्या शेजारी बसून जो माणूस नुसता सूर धरतो, तो हा तिसरा टोन. गाणं काळी एकमध्ये असेल तर सूर वेगळा, पांढरी चारमध्ये असेल तर वेगळा, म्हणून त्यांनी त्याच पॅचच्या पट्टीवार प्रती करून ठेवल्यात. पावरीसारखा एक आवाजही आहे. साक्रीकडे डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ऐकलेली पावरी त्यांच्या कानात बसली होती, तिच्यावरून केलेला.

यंत्राची आजची अवस्था: पट्ट्या सगळ्या चालतात, पडदा मंद झालाय, चालू केल्यावर आतली बॅटरी संपत आल्याचा संदेश येतो. फ्लॉप्यांचा एक डबा आहे, त्यातल्या किती वाचल्या जातात ते अजून पाहिलेलं नाही.

तर, एक, क्लासिक म्हणावा का आणि कशाच्या आधारावर? दोन, ठेवायचा तर आधी काय करावं?

---

धुळे_टू_पुणे

मी स्टुडिओत काम करतो, तुमच्या भावना समजतात, पण खरं मत मागितलंत म्हणून देतो. एक्सपी-८० उत्तम वाद्य आहे. क्लासिक नाही.

तुमच्या गिऱ्हाइकाचं 'डिजिटल म्हणून नाही' हे मात्र साफ चूक. यामाहाचा डीएक्स७ डिजिटलच होता, १९८३ चा. स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत (एका लहरीने दुसरी लहर हलवून आवाज घडवायची) त्यात होती. तसा काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो त्याआधी इतक्या लोकांच्या हातात आलाच नव्हता. मग १९८७ चा रोलँड डी-५०. त्या काळी मेमरी महाग, म्हणून स्वराची फक्त सुरुवात खऱ्या ध्वनिमुद्रणातली आणि पुढचा भाग यंत्राने घडवलेला. अडचणीतून नवा आवाज निघाला. १९८८ च्या कॉर्ग एम१ ने सिक्वेन्सर, ड्रम, इफेक्ट सगळं एका पेटीत आणून 'वर्कस्टेशन' लोकांना परवडेल असं करून दाखवलं. या तिघांच्या आधीचं आणि नंतरचं संगीत वेगळं ऐकू येतं.

एक्सपी-८० बद्दल असं काय सांगाल? त्याचं ध्वनीचं इंजिन मुळात १९९४ च्या जेव्ही-१०८० मॉड्यूलचं. त्याला पट्ट्या, सिक्वेन्सर आणि फ्लॉपी जोडली की एक्सपी. शिवाय जेव्ही-१०८० रोलँड आता सॉफ्टवेअर म्हणूनही देते, म्हणजे तो आवाज लॅपटॉपवरही मिळतो. पेटी सांभाळण्यात जीव का अडकवायचा?

---

बेंजोवाला_पारोळा

भाऊ, इकू नको! मांगून पस्तावशी.

पुण्याच्या भाऊंना एकच सांगतो. लॅपटॉप वरातीच्या गाडीवर ठेवून बघा. मे महिना, जनरेटर शेजारी, समोर नाचणारी पोरं, गाडी खड्ड्यातून चाललेली. एक्सपी चालू केला की हाताखाली आला. खाली स्ट्रिंग, वर सनई, मध्ये ब्रास असं पट्ट्यांचं वाटप एका बटणावर बदलतं. ढोल आणि पॅडच्या गदारोळातूनही त्याचे स्ट्रिंग कानापर्यंत पोचतात. नव्या कीबोर्डचे आवाज घरात हेडफोनवर भारी वाटतात, मैदानात कुठे जातात कळत नाही.

आणि आमच्याकडे नवा कीबोर्ड घेणारा प्लेअर दुकानात पहिलं काय विचारतो? "एक्सपीचे टोन आहेत का?" (टोन म्हणजे इथे तयार आवाज.) याच्याहून मोठं सर्टिफिकेट कोणतं पाहिजे?

---

सनईचा_सूर

@धुळे_टू_पुणे, धन्यवाद. तुमचा मुद्दा मला टाळायचा नाही. नवं तंत्र आणणाऱ्यालाच क्लासिक म्हणायचं ठरवलं, तर एक्सपी-८० त्यात बसत नाही, मान्य.

पण मग टीबी-३०३ चं काय? रोलँडने ते यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलं, बास गिटारवाला नसेल तर त्याच्या जागी वाजवायला. त्या कामात कोणाला पटलं नाही आणि १९८४ पर्यंत उत्पादन बंदही झालं. पुढे शिकागोच्या पोरांनी जुन्या बाजारातून स्वस्तात घेऊन त्याच्या खुंट्या पिळल्या आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत निघालं. आपल्याकडे हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तेच टीबी-३०३, टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन राग वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. म्हणजे यंत्राचं मोठेपण कारखान्यातून निघताना ठरतंच असं नाही. वाजवणारे त्याच्याकडून काय काढून घेतात तेही बघावं लागतं.

एक्सपीच्या बाबतीत आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांनी फार काही काढलंय. आज 'एक्सपीचे इंडियन टोन' म्हणून जे ओळखले जातात त्यातले बरेचसे मूळ यंत्रात नव्हतेच. कोणीतरी मुंबईत, कोणीतरी इंदूरला, कोणीतरी आमच्या चोपड्यात बसून ते बांधले आणि फ्लॉपीवरून फ्लॉपीवर ते फिरले. पुढे रोलँडनेच एक्सपीएस-१० सारखे कीबोर्ड इथल्या बाजारात भारतीय टोनसह आणले. इथल्या वादकांना काय हवंय ते तोवर या जुन्या यंत्रांवर ठरून गेलं होतं, असं मला वाटतं.

आणि लॅपटॉपवर जेव्ही-१०८० घेतला तरी त्यात मामांची सनई कुठून येणार?

---

पेटी_आणि_पाय

@सनईचा_सूर, मी हार्मोनियम वाजवतो, त्यामुळे 'हे वाद्य आपलं नाही, याला मान नको' हा वाद घरचाच. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसमध्ये १८४२ चं. इथे आल्यावर भात्याची रचना बदलली, जमिनीवर बसून एका हाताने भाता आणि दुसऱ्याने पट्ट्या असं झालं. तरीही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दार बंद ठेवलं होतं. मींड निघत नाही, स्वर समान अंतरावर बांधलेले, ही तक्रार. तक्रार खोटी नव्हती. पण तोवर कीर्तनात, भजनात, नाटकात पेटी इतकी मुरली होती की तिच्याशिवाय सूर लावायची कल्पना करता येईना.

तुमच्या यंत्रात मींड बेंडरने (स्वर सरकवायच्या दांडीने) निघते आणि 'स्केल ट्यून' नावाची सोयही असावी, तिने प्रत्येक स्वर थोडा वर-खाली करता येतो. मामांनी ती वापरली होती का, हे विचारून सांगाल? कोमल गंधार उतरवून लावला असेल तर मला फार उत्सुकता आहे.

---

धुळे_टू_पुणे

@सनईचा_सूर, वाचलं. माझी व्याख्या मी सोडत नाही. जगाच्या यादीत मी आजही डीएक्स७, डी-५०, एम१ हीच नावं लिहीन. पण तिसऱ्या टोनचा की-फॉलो शून्य करून सूर धरायची युक्ती मी कधी पाहिली नव्हती, आणि मी याच इंजिनवर काम केलंय. ती जपली पाहिजे. त्यासाठी यंत्र 'क्लासिक' असण्याची अटच नाही. घरच्यांना हेच सांगा.

---

डाग_आणि_तार (भुसावळ)

क्लासिकचा निकाल तुम्ही लोक लावा, मी दुरुस्तीवाला आहे. @सनईचा_सूर, बॅटरीचा संदेश येतोय ना? मग वाद बाजूला ठेवा आणि आधी हे करा.

कारखान्याचे प्रीसेट (तयार आवाज) रॉममध्ये असतात, ते कुठे जात नाहीत. मामांचं काम आहे यूजर मेमरीत: १२८ पॅच, ३२ परफॉर्मन्स (अनेक पॅच एकत्र जुळवलेली मांडणी) आणि २ ऱ्हिदम सेट. ती मेमरी नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जगते. बॅटरी पूर्ण संपली, किंवा बॅकअप न घेता कोणी काढली, की ते सगळं पुसलं गेलं समजा. नंतर फॅक्टरी रीसेट केला तर यंत्र ठणठणीत चालेल, पण कोऱ्या यंत्रासारखं. विकत घेणारा पहिल्याच दिवशी रीसेट मारतो, हेही लक्षात घ्या.

बॅकअप दोन प्रकारे घ्या, दोन्ही घ्या. नव्या फ्लॉपीवर सेव्ह करा, आणि मिडी केबलने (कीबोर्ड जोडायची केबल) कॉम्प्युटरला जोडून बल्क डम्प, म्हणजे सगळी मेमरी एकदम, पाठवा. कॉम्प्युटरवर त्याची सिसेक्स नावाची फाइल होते, ती मेलवरही ठेवता येते. डम्प घेतल्यावर फाइल उघडतेय का, साइज शून्य तर नाही, एवढं तपासल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

आता महत्त्वाचं, जे लोक विसरतात. आत जास्तीचे बोर्ड असतील तर कोणता बोर्ड कोणत्या जागेत आहे ते लिहून ठेवा. मामांच्या एखाद्या पॅचने बोर्डावरची लहर वापरली असेल, तर बोर्ड नसलेल्या यंत्रात तो टोन वाजणार नाही. आशियाई वाद्यांचा १४ नंबरचा बोर्ड असेल तर तो जपा. गिऱ्हाइकाचा डोळा कदाचित त्याच्यावरच असेल.

फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी यूएसबी एम्युलेटर बसतो, पेनड्राइव्हवर सगळ्या फ्लॉप्या मावतात. पण जुना ड्राइव्ह फेकू नका, डब्यातल्या फ्लॉप्या आधी त्याच्यावरच वाचून काढायच्या आहेत. बुरशी दिसत असेल ती फ्लॉपी घालू नका, हेड खराब होईल.

मागच्या बाजूला व्होल्टेज बघा. जपानहून आलेला नग असेल तर तो १०० व्होल्टचा, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि पत्र्याच्या खोलीत ठेवला असेल तर आजच हलवा. आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतं तेव्हा पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको.

---

बेंजोवाला_पारोळा

@डाग_आणि_तार दादा, जोरदार. सनईच्या पॅचची फाइल झाली की मलाही द्या भाऊ, माझ्याकडे एक्सपी-५० आहे, चालेल ना त्याच्यावर?

---

डाग_आणि_तार (भुसावळ)

इंजिन एकाच घराण्यातलं आहे, चालायला हवं. बोर्डाची लहर नसलेले पॅच आधी करून बघा. आणि डिव्हाइस आयडी (मिडीसाठीचा यंत्राचा ओळख-क्रमांक) दोन्हीकडे एकच ठेवा, नाहीतर डम्प जाईल पण घेतला जाणार नाही.

---

सनईचा_सूर

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मामांना वाचून दाखवला.

@पेटी_आणि_पाय, स्केल ट्यून त्यांनी वापरलंय. भजनाच्या परफॉर्मन्समध्ये कोमल गंधार आणि कोमल धैवत उतरवलेत. पार्टीच्या गाण्यांना नाही, कारण गिटारवाल्याशी जुळत नसे. कोणत्या स्वराला किती उतरवलं ते आकडे त्यांच्या वहीत आहेत, फोटो टाकतो.

@डाग_आणि_तार दादा, यंत्रावर २३० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही. पत्र्याच्या खोलीतून आत आणलाय. आत दोन बोर्ड आहेत असं मामा सांगतात, एक आशियाचा, दुसऱ्याचा नंबर त्यांना आठवत नाही. झाकण न उघडता पडद्यावर तो दिसतो का?

मामेभावाशी बोललो. बॅकअप होईपर्यंत विक्री थांबवायला तो तयार आहे. त्याला नवा कीबोर्ड लागणारच, रोजच्या पार्टीसाठी त्याची गरज खरी आहे, ते पैसे आम्ही दोघं मिळून उभे करू. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

@धुळे_टू_पुणे, तुमच्या यादीत नाव नसलं तरी चालेल. माझ्या मते तापीकाठच्या वाजवणाऱ्यांसाठी एक्सपी-८० क्लासिक आहे, कारण इथे सनई कीबोर्डवर कशी वाजायला हवी हे त्याच्यावर ठरलं. सिसेक्स फाइल आली की सगळ्यात आधी तुम्हाला पाठवतो. लॅपटॉपवरच्या जेव्हीमध्ये हेच आकडे हाताने भरून सनई जमते का बघाल? जमली तर तिथलं रेकॉर्डिंग इथे टाका, मामांना ऐकवायचं आहे.

---

डाग_आणि_तार (भुसावळ)

दिसतो. पॅच निवडताना ग्रुप बदलत पुढे जा, बसवलेल्या बोर्डांचे ग्रुप प्रीसेटनंतर येतात आणि तिथे बोर्ड ओळखता येतो. फोटो टाका, नंबर मी सांगतो.