मदत हवी आहे: नोकरीच्या ठिकाणी वापरता येईल असे मराठी संवादसाधन

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला ऑटिझम आहे. समोरचा काय बोलतो ते त्याला पूर्ण समजते, मराठी वाचता येते आणि टाइपही करता येते. परंतु तोंडाने दोन-तीन शब्दांपलीकडे बोलणे होत नाही आणि घाईगडबडीत किंवा परक्या माणसासमोर तेही बंद होते. हा मजकूर टाकण्यापूर्वी मी त्याला दाखवला. 'वय लिही, नाव नको' असे त्याने टाइप केले, म्हणून वय सांगते: २३.

नाशिकमधील एका खासगी कार्यालयात जुन्या मिळकतींचे दस्त स्कॅन करण्याचे काम त्याला चाचणी मुदतीवर मिळाले आहे. कामाबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पान उलटे लागले असेल किंवा फाइलच्या नावात एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल, तर ते सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते. अडचण आहे ती लक्षात आलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याची.

शाळेच्या शेवटच्या वर्षांत तो जेलो हे मोफत ॲप वापरू लागला. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये ते तयार झाले असून मराठीतही चालते. चित्राच्या दोन्ही बाजूंना 'आवडते', 'नको', 'आणखी' अशा अर्थाची बटणे असतात, आणि चित्र व बटण मिळून पूर्ण वाक्य ऐकू येते. त्या ॲपने आमच्या घरात फार मोठा फरक पडला, हे मुद्दाम नोंदवते. मात्र त्यातला शब्दसंग्रह खाणे, खेळणे, आंघोळ, शाळा असा मुलांच्या दिवसाभोवती बांधलेला आहे. 'या दस्ताचे सातवे पान गहाळ आहे, पुढे जाऊ की थांबू?' हे त्यातून कसे विचारायचे? चेन्नईत तयार झालेले आवाझ हे सशुल्क ॲपही आम्ही विचारात घेतले आहे, परंतु नोकरी करणाऱ्या प्रौढ व्यक्तीने ते मराठीत वापरल्याचा अनुभव कोणाकडून ऐकायला मिळालेला नाही.

दुसरी अडचण माणसांची आहे. कार्यालयातले साहेब सर्व सूचना व्हॉट्सॲपवर आवाजी संदेशाने देतात आणि उत्तर आले नाही तर फोन करतात. तो फोन उचलतो, ऐकतो, पण बोलू शकत नाही. साहेबांना वाटते की ऐकलेच नाही. उत्तर देण्यासाठी टॅब हातात घेतला तर 'कामाच्या वेळी टॅबवर खेळतो' असा शेरा मिळतो. चष्मा लावणाऱ्याला कोणी असे म्हणत नाही, एवढेच येथे म्हणते.

तेव्हा प्रौढांच्या कामकाजाला पुरेल असे कोणते साधन आपण वापरले आहे, आवाजी संदेश मराठी मजकुरात आणण्याची सोपी सोय आहे का, आणि मालकांशी बोलणी कशी करावीत, हे कृपया सांगावे. आमच्या टॅबवरचा मराठी आवाज स्त्रीचा आहे व भावाला तो आपला म्हणून मुळीच नको आहे. त्यावरही उपाय हवा. 'ॲपमुळे बोलणे मागे पडेल' हा सल्ला कृपया देऊ नये, कारण आजवरच्या संशोधनात तसे आढळलेले नाही. हात धरून टाइप करवून घेण्याच्या पद्धतीही नकोत. तेथे शब्द नेमके कोणाचे, हाच प्रश्न उरतो.

प्रतिसाद १

ताई, माझा मुलगा एका छापखान्यात काम करतो, त्या अनुभवावरून लिहितो. तुमचा भाऊ टाइप करतो, तर चित्रांच्या ॲपचा आग्रह सोडावा. फोनच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. त्यात 'पग' टाइप केले की 'पान गहाळ आहे, पुढे काय करू?' असे पूर्ण वाक्य सुचवले जाईल, अशी सोय करता येते. कामात वारंवार लागणारी वाक्ये त्याच्याकडूनच लिहून घ्यावीत. आपण बसवलेली वाक्ये आमच्या मुलाने कधी वापरली नाहीत. आवाजी संदेशासाठी गूगलचे लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी लिहून देते, पण संदेश दुसऱ्या फोनवर वाजवावा लागतो आणि गोंगाटात मजकूर बिघडतो. त्यापेक्षा साहेबांनीच लिहून पाठवणे सर्वांत स्वस्त.

कायद्याचा आधार घ्यायचा असेल तर कलमे नीट पाहून घ्यावीत, कारण फिरत्या संदेशांत बरीच गल्लत असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. परंतु त्यातले ४ टक्के आरक्षण सरकारी पदांसाठी आहे, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी बदल करून देण्याचे बंधन घालणारे कलम २० हेही सरकारी आस्थापनांसाठीच आहे. खासगी मालकाला कलम २१ लागू होते: समान संधी धोरण जाहीर करावे लागते, आणि २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक कर्मचारी असल्यास त्या धोरणात साहाय्यक साधनांची तरतूदही लिहावी लागते. त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते; राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे. तरीही पहिल्याच भेटीत कलमे काढू नयेत. टॅब कशासाठी आहे, हे एका पानाच्या पत्रात भावाच्या सहीने द्यावे.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. भावाने आजच वाक्यांची यादी करायला घेतली आणि पहिले वाक्य 'मी ऐकले आहे, उत्तर टाइप करतो' असे लिहिले. कार्यालयात माणसे वीसच्या आत आहेत, त्यामुळे तपशीलवार धोरणाचा नियम लागू होणार नाही असे दिसते. म्हणजे सारी भिस्त पत्रावर. असे पत्र कोणी मराठीत लिहून मालकांना दिले असेल, तर नावे वगळून त्याचा मसुदा येथे द्यावा. पुरुषाच्या मराठी आवाजाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. टॅब अँड्रॉइडचा आहे.